कपाटातले शेठ

शेठ कपाटात बसून आत्मचरित्र सांगताहेत, ही बातमी इमारतीत कुणाला फोडावी लागली नाही. त्यांच्या लेकीनेच दारोदार जाऊन फर्मान काढलं होतं, की दुपारी मिक्सर लावायचा नाही, खुर्ची ओढायची नाही आणि जिन्यात शिंक आली तरी ती घरी नेऊन शिंकायची. कपाट कपड्यांचं. कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणून लेकीने शोधून काढलेली ही युक्ती. ती लोकांच्या समारंभांचं शूटिंग करते, कापाकापीही स्वतःच करते, तेव्हा तिचं ऐकायलाच हवं. तर सत्तरी उलटलेले शेठ जेवण झालं की कपाटात शिरायचे, बायकोच्या कपड्यांत पाठ टेकून स्टुलावर बसायचे आणि माईक तोंडाशी धरून घसा खाकरायचे. दार आतून ओढून घेतलं, की बाहेर त्यांची बायको, म्हणजे इमारतीच्या वहिनी, आपल्या टॉवेलसाठी ताटकळत उभ्या.

त्यांना तोंडावर सगळे ‘शेठ’ म्हणतात आणि पाठीमागे ‘रीळशेठ’. एकदा सुरू झाले की रीळ संपेपर्यंत थांबत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण खरंखुरं. त्यांची सुरुवातच रिळांपासून झाली. गावातल्या दोन थिएटरांत चित्रपटाची प्रत एकच असायची. इकडे पहिली रिळं संपली, की त्यांचे डबे सायकलच्या मागे बांधून तिकडे पळवायचे, तोवर तिकडे जाहिराती. एकदा सायकल पंक्चर झाली, तर तिकडच्या प्रेक्षकांनी त्याच जाहिराती पुन्हापुन्हा बघितल्या आणि शेवटी साबणाच्या जाहिरातीतल्या बाईला नावानिशी हाका मारायला लागले. हा किस्सा शेठ फार रंगवून सांगतात. बाई दर खेपेला वेगळ्या कंपनीचा साबण लावते, पण ते असो.

सायकलवरचा हा माणूस पुढे निर्माता झाला. पहिला चित्रपट चालला, दुसरा चालला, तिसरा तर लोकांनी डोक्यावर घेतला. मग काचेच्या दाराचं ऑफिस आलं, हाताखाली माणसं आली, ‘शेठ’ ही पदवी आली. आणि मग आला चौथा, जहाजाचा. तलावाकाठी लाकडाचं एवढं मोठं जहाज उभं केलं, की बघायला लोक गाड्या करून यायचे. चित्रपट बघायला मात्र कुणी आलं नाही. जहाज बुडायच्या आधीच प्रेक्षक उतरून गेले. पाठोपाठ ऑफिस गेलं, अंगण असलेलं घर गेलं, आणि शेठ वहिनींना आणि लहानग्या लेकीला घेऊन या दोन खोल्यांत आले. ज्या थिएटरात त्यांच्या चित्रपटाला रांगा लागल्या होत्या, तिथेच निवृत्त होईपर्यंत व्यवस्थापकाची नोकरी केली. पडद्यामागून पडद्यासमोर आणि तिथून दारात, एवढाच प्रवास, असं ते स्वतःच म्हणतात.

आता त्यांना या सगळ्याचा माहितीपट हवा होता. नायक स्वतः, आवाज स्वतःचा. पण खरी गोम शेवटात होती. शेवटी वहिनींनी खिडकीपाशी बसून कॅमेऱ्याकडे बघत एकच वाक्य बोलायचं होतं, “जे झालं त्याचं मला वाईट वाटत नाही.” शेठना माहितीपट हवा होता तो या एका वाक्यासाठी, हे लेकीला पहिल्या दिवशीच कळलं. घर सोडलं त्या दिवसापासून वहिनी त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या, चांगला सणसणीत टोमणा मारला असता, तर शेठनी तो झेलला असता, उलट दिला असता, आणि कधीतरी विषय मिटला असता. गप्प बसलेल्या बाईला माणूस उत्तर काय देणार?

वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. आधी तुम्ही काय सांगितलंय ते ऐकू दे, एवढंच म्हणाल्या.

लेकीने बाहेरच्या खोलीत रेकॉर्डिंग लावलं. वहिनी मटार सोलत बसल्या. शेठचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे नव्हतं, हातांकडे होतं. सायकल आली, हात चालू. पहिला चित्रपट आला, हात चालू. कपाटातला आवाज भारदस्तपणे सांगत होता, मी कथा निवडली, मी दिग्दर्शकाला पटवलं, मी म्हणालो हा चित्रपट धावणार. मग जहाज आलं. आवाज खाली आला. आमचा अंदाज चुकला, आम्ही वाहवत गेलो, आम्ही सगळं गमावलं. इथे वहिनींचे हात थांबले.

रेकॉर्डिंग संपल्यावर शेठनी विचारलं, “मग? बोलशील ना?”

“वर चढताना सगळीकडे ‘मी’ आहे,” वहिनी म्हणाल्या. “खाली येताना ‘आम्ही’ झालात.”

शेठ हसले. “अगं, नवरा-बायको म्हणजे आम्हीच ना. दोघांचंच तर गेलं.”

“ती जहाजाची गोष्ट मी वाचली नव्हती.”

एवढं बोलून त्या वाटी घेऊन आत गेल्या.

आता हे वाचण्याचं प्रकरण काय, ते लेकीलाही नीट ठाऊक नव्हतं; त्या रात्री तिने ते आईकडून काढून घेतलं. रिळं पळवण्यात शाळा अर्धी राहिल्यामुळे शेठना अक्षरांचा कंटाळा. पानभर वाचलं की डोळे मिटायचे. म्हणून लेखकाने दिलेली कथा वहिनी मोठ्याने वाचायच्या आणि शेठ जमिनीवर उताणे पडून ऐकायचे. मत बित विचारायचं नाही. वाचताना वहिनी जिथे अडखळतील, तिथे शेठ बोट वर करायचे. पानावर खूण व्हायची. तिथे गोष्ट चुकली आहे, लेखकाला परत पाठवा. पुढे काचेचं दार आलं, तेव्हा वाचायला एक पगारी माणूसही आला. त्याचा आवाज असा गुळगुळीत, की टेलिफोनची यादीसुद्धा त्याने न अडखळता वाचली असती. जहाजही त्याने सरळ वाचून टाकलं.

लेकीने दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि एका वाक्यावर थांबवलं. कथा ऐकताच मला कळायचं, की ही चालणार.

“बाबा, कुणाकडून ऐकताच?”

शेठ म्हणाले चहा टाक.

मग दोन-तीन दिवस फुरंगटून ते पुन्हा कपाटात शिरले. या खेपेला सढळ हाताने वाटप सुरू केलं. आम्ही कथा निवडली, आम्ही दिग्दर्शकाला पटवलं. ओघात आम्ही सायकलवरून रिळंही पोहोचवली. लेकीने दार उघडून सांगितलं, की सायकलवर तुम्ही एकटे होता, आईची तेव्हा ओळखही झाली नव्हती. शेठ चिडले. “मी म्हटलं तरी चूक, आम्ही म्हटलं तरी चूक. आता काय ‘सायकल’ म्हणू नुसतं?” जिन्यात उभी असलेली मंडळी तोंडात रुमाल कोंबून खाली पळाली.

पण कपाटातून बाहेर आलेला माणूस हसण्यासारखा दिसत नव्हता. लेकीकडून पहिलंच निवेदन सगळं त्यांनी कागदांवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि वहिनींपुढे धरलं. “जरा वाचून दाखव. पहिल्यासारखं. जिथे अडशील तिथे खूण करतो.”

वहिनी नुकत्याच डोळ्यांत थेंब घालून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, वाचायचे दिवस गेले, अक्षरं पोहतात. तुम्हीच वाचा.

तर शेठनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला वाचून दाखवलं. त्या उताण्या, डोळे मिटलेले, आणि हे खुर्चीवर, कागद हातभर लांब धरून. बोट ठेवून वाचत गेले. सायकल पार पडली. पहिल्या चित्रपटापर्यंत आले, कथा ऐकताच मला, इथवर आले, आणि पुढचा शब्द समोर छापलेला असूनही तोंडातून निघेना. पुन्हा पहिल्यापासून वाक्य घेतलं. पुन्हा तिथेच.

मिटल्या डोळ्यांनी वहिनींनी बोट वर केलं.

“कळलं मला,” शेठ म्हणाले. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. “काय करू इथे? तू सांग, तसं म्हणतो. त्या पहिल्या गोष्टीत तू कुठे कुठे अडली होतीस?”

“आता कुठलं आठवतंय.”

“एखादं तरी.”

“तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं,” वहिनी म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तेच शेठना जड गेलं. वहिनींचा वाटा द्यायला ते आले होते, आणि काय द्यायचं तेच दोघांना माहीत नव्हतं. खुणा केलेली पानं जुन्या घराबरोबर कधीच रद्दीत गेली होती.

खिडकीपाशी बसून एक वाक्य बोलायचं, ते शेठनी पुन्हा काढलं नाही. लेकीने विचारलं, तर राहू दे म्हणाले.

माहितीपट इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दाखवला. पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर ताणली. वहिनी येतात की नाही याची चर्चा होती, पण त्या आल्या आणि मागच्या ओळीत बसल्या. शेठ यंत्राशेजारी उभे, हात मागे बांधून. सायकल आली, साबणाची बाई आली, लोक मनसोक्त हसले. मग पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाचा फोटो आला. शेठ मधोमध, गळ्यात हार, दोन बाजूंना नायक-नायिका. आणि आवाज बंद. जिथे शेठ अडखळले होते ते वाक्य त्यांनी काढून टाकलं होतं आणि त्याच्या जागी काहीच घातलं नव्हतं. लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. फोटो मात्र हळूहळू कडेकडे सरकत होता, आणि अगदी काठावर, चौकटीत अर्धवट आलेलं कुणाचं तरी एक कोपर दिसायला लागलं. फोटो काढणाऱ्याने बाकीची बाई कापली होती. कोपर चादरभर मोठं झालं, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग जहाज सुरू झालं. जहाजाच्या वेळी आवाज पुन्हा आला, आणि या खेपेला सगळं ‘मी’ होतं.

पण त्याआधी, त्या शांततेत, मागच्या ओळीतून वहिनी शेजारच्या बाईला अगदी सहज म्हणाल्या, “ते कोपर माझं.”

हॉल लहान. शेठना ते ऐकू आलं. त्यांनी झटकन लेकीकडे वळून विचारलं, “हे घेतलंस का? रेकॉर्ड झालं का हे?”

“नाही हो बाबा,” लेक कुजबुजली. “आता आपण दाखवतोय. घेणं कधीच संपलं.”