डावी बाजू उजवीकडे

सत्राचा अकरावा दिवस होता आणि माझ्या टेबलावर तिसरा अर्ज पडला होता. पहिल्यात मागणी होती, ‘ड्रॉइंग हिंदीतून शिकवा.’ दुसऱ्यात, ‘इंग्रजीतूनच शिकवा.’ दोन्हींवर काही सह्या त्याच माणसांच्या होत्या. तिसऱ्यात एकच ओळ होती, ‘सर उलटं शिकवतात.’

मी ती तीनदा वाचली. उलटं म्हणजे काय, ते कळेना.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा रशियाच्या मदतीनं उभा राहत होता. मी नागपूरहून डिप्लोमा घेऊन ट्रेनिंग सेंटरात ड्रॉइंगचा इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो होतो. वय पंचवीस. सहा महिने प्रोबेशन, म्हणजे काम पसंत पडलं नाही तर नमस्कार करून घरी जायचं. वर्गात बत्तीस ट्रेनी. कोणी केरळचा, कोणी बंगालचा, कोणी इथल्याच कोहका गावचा. बरेचसे माझ्याहून मोठे.

मला वाटायचं, शिक्षकानं सांगायचं आणि विद्यार्थ्यांनी ऐकायचं. इथे पहिल्या दिवसापासून मागण्या. “सर, नोट्स कब मिलेंगे?” “सर, हमें वेल्डिंग करना है, ये लकीरें किसलिए?” हळू शिकवलं की पुढचे बाक जांभया देत. भरभर शिकवलं की मागून आवाज येई, “रुको सर!” नेमकं कोणाचं ऐकावं, हे मला रोज संध्याकाळपर्यंत समजत नसे.

तिसरा अर्ज डोमाजी रामटेके यांचा होता. भंडाऱ्याकडचे, चाळिशीला आलेले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटरच्या हाताखाली बरीच वर्षं काढून इथे आले होते. शिकायचं राहून गेलं, ते आता एका दमात भरून काढायचं, अशा घाईत असत. प्रत्येक गोष्टीला विचारत, “कावून?” म्हणजे ‘का?’

“रामटेके, हा अर्ज तुमचा?”

“लिवला आपल्या वर्गातल्या घोषनं. बोललो मी.”

“मी उलटं काय शिकवलं?”

“सर, तुमी मनता, वस्तूची डावी बाजू कागदावर डावीकडे काढाची. मी साइटवर रशियन ड्रॉइंग पायलं. त्यात डावी बाजू उजवीकडे आहे. आता मले सांगा, खरं कोनतं?”

इथे थोडं समजावून सांगतो. मशीनच्या ड्रॉइंगमध्ये एकाच वस्तूची दोन-तीन चित्रं असतात. समोरून, बाजूनं, वरून. कोणतं चित्र कागदावर कुठे काढायचं, याचा नियम असतो. कॉलेजच्या पुस्तकात मी एकच नियम शिकलो होतो.

“छापताना प्रिंट उलटी झाली असेल,” मी म्हणालो.

“मंग त्याच्यावरचे अक्षरं कावून सुलटे?”

मी म्हणालो, “बसा खाली.”

त्याच आठवड्यात साइटवरून सेंटरला पहिलं खरं काम आलं. पाइपलाइनसाठी चोवीस ब्रॅकेट, म्हणजे पाइप धरून ठेवणारे भिंतीवरचे लोखंडी आधार. वर्ग खूश. अखेर लोखंडाला हात लागणार! ड्रॉइंग रशियन होतं. मी ते माझ्या नियमानं वाचलं. ब्रॅकेटच्या एका अंगाला भोक पाडलेली पट्टी होती, तिला आम्ही कान म्हणायचो. माझ्या हिशेबानं कान डावीकडे येत होता.

“सर, कान तिकडे येईन,” रामटेक्यांनी उजवीकडे बोट दाखवलं.

“मी सांगतो तसं करा,” मी म्हणालो. सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजात.

त्यांनी तसं केलं. सर्वांत सफाईदार ब्रॅकेट त्यांचेच झाले.

चार दिवसांनी साइटवरून फोन आला. चोवीसच्या चोवीस कान चुकीच्या बाजूला. फिरवून बसवावा, तर ब्रॅकेट भिंतीला टेकत नव्हता.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. “ये किसने किया? लड़कों ने?”

नुसतं “हो” म्हटलं असतं तरी भागलं असतं. तीन आठवड्यांचे ट्रेनी, कोणालाही खरं वाटलं असतं. खिडकीतून मला रामटेके दिसत होते. उरलेल्या पट्ट्या जागेवर लावत होते.

“ड्रॉइंग मी वाचलं, सर. एकानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

त्यांनी ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं. “तो पहले खुद समझकर आओ.”

दुसऱ्या दिवशी मी रामटेक्यांना बरोबर घेऊन साइटवर गेलो. तिथे निकोलाय नावाचा रशियन इंजिनिअर होता, सोबत दुभाषी. निकोलाय बोलला. दुभाषी म्हणाला, “साहब कहते हैं, बायाँ दाहिने होता है।”

“कावून?” रामटेके म्हणाले.

दुभाषी माझ्याकडे बघू लागला, मी निकोलायकडे. त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि कागदावर आडवी ठेवली. छापाची बाजू वर. मग बोटानं ती उजवीकडे कलंडवली. तिची डावी कड आता वर आली होती, आणि पेटी मूळ जागेच्या उजवीकडे होती. त्यानं तिथे टिचकी मारली.

आमच्या पुस्तकात वस्तू काचेच्या पेटीत आहे असं मानून काचांवर दिसेल ते काढत आणि मग काचा उघडून सपाट पसरत. तिथे डावं डावीकडेच राहतं. इथे वस्तूच कलंडवतात. दोन्ही बरोबर. एका कागदावर दोन नियम चालत नाहीत, एवढंच.

परतताना रामटेके म्हणाले, “मंजे तुमी बी खरे, आन् ते बी खरे.”

“हो.”

“मंग आपन चोवीस डाव चुकलो कावून?”

“मी विचारलं नाही म्हणून.”

त्यांनी मान हलवली, बस.

वर्गात मी सगळं सांगितलं. आपली चूक कबूल केल्यावर निदान शांतता पसरेल, असं वाटलं होतं. घोष उठला. “सर, तो परीक्षा में कौन सा लिखें?”

कान कापून पुन्हा वेल्ड करायला दोन दिवस लागले. माझं प्रोबेशन आणखी तीन महिने वाढलं.

पुढे मी बावीस वर्षं शिकवलं. दर वर्षी कोणी ना कोणी वाकड्या शब्दांत, नको त्या वेळी काहीतरी मागायचंच. मी रागवायचं सोडलं नाही. फक्त आधी त्याच्या हातातला कागद बघायचो, मग रागवायचो.