आबांची मीमांसा

मी जळगावच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवतो. त्यामुळे धुळ्याजवळच्या आमच्या गावात कार्य निघालं की मला सतरंजीच्या मधोमध बसवतात. विचारत मात्र काही नाहीत. विचारायला आमचे चुलत चुलते आहेत, आबा. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एकजण ओवी वाचतो आणि आबा अर्थ सांगतात. त्यांचं कुणाशी शेताच्या बांधावरून वाजलं, की त्या आठवड्यातल्या ओवीत बांध आलाच म्हणून समजा.

यंदा माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मुलीचं लग्न निघालं. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. अक्काची एकच इच्छा होती, लेकीला पहिली हळद आपल्या हाताने लावायची. हळदीच्या सकाळी मांडवातच बैठक बसली. आबांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं आणि निकाल दिला, "शास्त्रमा बसत नही. आम्ही मीमांसा करी टाकी."

तो शब्द ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आबा, 'मन्' म्हणजे विचार करणं, त्या धातूपासून मीमांसा आली. विचार करून बघायची इच्छा, एवढाच तिचा मूळ अर्थ. वेदातल्या वाक्याचा अर्थ लावायला जुने लोक बसत, तेव्हा आधी शंका काढत, मग समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडत, आणि शेवटी निर्णयाला येत. तुम्ही तर निर्णय घरूनच बांधून आणलात!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो. शेजारचे एक काका कौतुकाने म्हणाले, "भारी बोलना भाऊ. आते पाच सवाष्णी बलावा." आमच्याकडे विद्वानाला मान मिळतो, चहा मिळतो, त्याचं ऐकायची पद्धत नाही.

अक्का इतका वेळ मांडवाच्या खांबाशी उभी होती. ती पुढे आली आणि तिने हळदीच्या वाटीत बोटं बुडवली.

"अक्का, शास्त्र..." आबा अर्धे उठले.

"शास्त्रले सांगा आबा, नवरीनी माय कामामा शे."

तिने लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. पोर रडायला लागली. बायका एकेक करून अक्काच्या बाजूला सरकल्या. आबांनी ते पाहिलं, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मायले सूट शे. पोथीमाच शे."

कुठल्या ओवीत, ते मी विचारलं नाही. अक्काचे हात तोवर कोपरापर्यंत पिवळे झाले होते.