ओंजळीतली काकवी
दुकानात काकवीची बाटली दिसली की मला पंच्याहत्तर सालची तळेगाव ढमढेऱ्याची आमची खोली आठवते. मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेसाठी मी तिथं इंग्रजी शब्द घोकत असे, आणि वडील बाहेरून कडी घालत. आमच्या गुऱ्हाळाची पहिली काहील उतरली त्या दिवशी सगळी आळी तिकडं लोटली. गुळाचा वास आत येत होता आणि मी खिडकीचे गज धरून उभा होतो. वडील वाटीभर काकवी घेऊन आले, पण वाटी गजांतून जाईना. "आप्पा, दार उघडा की." "न्हाई. उघडलं की पळशील तू तिकडं. धर ओंजळ." त्यांनी गजांतूनच कोमट काकवी ओतली आणि ते गेले. चिकट हातांनी मला पुस्तकाचं पानही उलटता येईना. पुढं परीक्षा पास झालो, साहेब झालो. केबिनचं दार मात्र कुणालाही लावू देत नाही.