अर्धी कापलेली नळी

मशीन चालू होतं, म्हणून मला वाटलं बस्त्यावदादा आत आहेत. जेवायची वेळ टळून गेली होती. मी क्लबच्या ऑफिसातून उठले, त्यांच्या वर्कशॉपच्या दारात जाऊन ओरडले, "अहो दादा, बोंबील थंड झाले, चला!" लेथ फिरत होतं, त्यात रायफलची नळी फिरत होती, आणि दादा खाली भिंतीला टेकून बसले होते… चष्मा घडी करून मांडीवर. साधा फोन घ्यायचा तरी आधी मशीन बंद करणारा माणूस तो. मी हाका मारल्या, हलवलं, मग नुसता आरडाओरडा. सगळे धावून आले. मशीन कोणीतरी बऱ्याच वेळाने बंद केलं.

वसईचे बस्त्याव लोपीस इथे आखातात आमच्या नेमबाजी क्लबमध्ये बंदुकांचे कारागीर होते. आम्ही दोघं राहायचो त्या इंटरनॅशनल सिटीतून क्लबपर्यंत रोज गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून माझ्या ब्रेकला नावं त्यांनी ठेवायची! जुन्या रायफलींची काडतुसं हल्ली मिळत नाहीत; मग नळीत काडतूस बसतं ती जागा आतून कापून दुसऱ्या काडतुसाच्या मापाची करायची, हे त्यांचं खास काम. "कापलेलं परत चिकटत नाही, बाय," म्हणायचे आणि केसभर कापून थांबायचे, मापायचे, पुन्हा केसभर. नळीवरचं काडतुसाचं जुनं नाव खोडून नवं ठोकायचं ते मात्र चाचणीची गोळी झाडल्यावरच. "पोर जन्मल्याशिवाय बाप्तिस्मा करतात का?" तोवर नळीवरचं नाव खोटं, म्हणून लेथवरून उतरली की तिला लाल दोरा बांधायचे, दोन गाठी मारून.

त्या दिवशी लेथवर होती ती नळी आमचे म्हातारे अरब सभासद अबू सईद यांच्या रायफलची, म्हणजे खरं तर त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची. भावाच्या वेळचं एकच काडतूस उरलं होतं. ते एकदा झाडायचं आणि मगच नळी कापायची, असं ठरलं होतं. "पहले आप आओ, फिर काटूँगा," दादांनी माझ्यासमोर शब्द दिला होता.

दादांची माती वसईला झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी अबू सईद आले, रुमालात ते काडतूस घेऊन. नळीवर जुनंच नाव होतं, दोरा नव्हता, म्हणून ती अजून कापलेली नाही असंच सगळ्यांनी धरलं. अबूधाबीहून बोलावलेला कारागीर ती रायफलला परत बसवणार, इतक्यात मी म्हटलं, थांबा. कारण त्या दिवशी लेथखाली पडलेला पोलादाचा ताजा कीस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्याने आत माप लावलं आणि मान हलवली. "आधा कटा है. पुराना डालोगे तो फटेगा, नया अंदर बैठेगा नहीं."

मला दादांचा असा राग आला! मेलेल्या माणसाचा राग येतो, खोटं कशाला बोलू? शब्द दिला होता ना, मग घाई कसली झाली? मी तसं बोललेही, मोठ्याने.

अबू सईद खुर्चीत बसले. "नहीं बेटी. उस दिन सुबह मैंने फोन किया था. मैं ही बोला, गोली चलाने का दिल नहीं होता. यल्ला, चलो, काट दो." मग त्यांनी काडतुसाचा रुमाल मांडीवर ठेवला. "बाद में लगा, शायद अभी काटा नहीं होगा." तेवढ्या आशेवर म्हातारा इतक्या लांब आला होता. दादांनी शब्द मोडला नव्हता, म्हणून मला हायसं वाटलं आणि समोरचा चेहरा बघून त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

नवा कारागीर म्हणाला, उरलेलं मी कापतो. अबू सईदनी हात वर केला. "खलास. इसको ऐसे ही रहने दो." काडतूस रुमालात बांधून ते परत घेऊन गेले.

नळी क्लबच्या कुलूपबंद कपाटात आहे. लाल दोरा मी बांधला, दोन गाठी मारून. वर्कशॉपमध्ये आता कोणी बसत नाही, लेथची वायरही काढून टाकली आहे. तरी दुपारी डबा घेऊन त्या दारावरून जाताना ते फिरत असल्याचा आवाज मला येतो, स्पष्ट येतो, आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी आत डोकावते. "दादा, बंद करा हो आता. जेवायला चला."