हवा संपल्यावर

आज दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तीन घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढताना दिसल्या आणि थोरल्या भावाची, अण्णाची आठवण झाली. अण्णा ग्लायडर उडवायचा. इंजिन नसलेलं ते विमान तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेच्या जोरावर कोसच्या कोस जातं. एकदा एप्रिलमध्ये तो पुण्याहून सोलापूरला निघाला. टेंभुर्णीच्या पुढे आभाळ भरून आलं, ऊन गेलं आणि वर नेणारी हवाच संपली. तो ज्वारी काढलेल्या एका रानात उतरला.

"वाईट नाही वाटलं?" घरी आल्यावर मी विचारलं.

"वाटलं ना. पण हवा संपली की तिच्याशी भांडून उपयोग नसतो. उंची आहे तोवर उतरायला बरी जागा बघायची."

गेल्या वर्षी अण्णाच्या आजारात डॉक्टरांनी आणखी उपचार सुचवले, तेव्हा तो शांतपणे नको म्हणाला. "मला घरी ने," एवढंच त्याने मला सांगितलं. मी घरी आणलं, पण रागाने त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. माणसाचं दमणं जवळच्यांनाच सर्वांत उशिरा कळतं.

त्यानंतर अण्णा नऊच दिवस होता. त्या अबोल्याबद्दल त्याने मला एकदाही विचारलं नाही.