चादरीआडचं हसू

काल नव्या टीव्हीनं वायफायचा पासवर्ड मागितला आणि मला मोताळ्याचं सासर आठवलं. तेव्हा सासरे नुकतेच गेले होते. दुखवट्याचं घर म्हणून टीव्हीवर चादर टाकलेली, पण बटण चालूच राहिलेलं. उदबत्तीच्या वासात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्या वायफायला पासवर्ड नव्हता, कारण सासरे म्हणायचे, "पाणपोईले कोनी कुलूप लावते काय?" अचानक चादरीआडून लहान मूल खदखदून हसायला लागलं. सगळ्या दचकल्या. शेजारची खाला आमच्याच वायफायवर नातवाचा व्हिडिओ आपल्या टीव्हीवर लावत होती. दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे, मोबाइलवर दोन्हींचं नाव सारखंच दिसायचं; तिनं चुकून आमचा निवडला होता. ती अनवाणीच धावत आली. "माफ कर वं बाई, मले समजलंच नाही," म्हणत रडायलाच लागली. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. "राहू दे वं. त्यायले तुह्या नातवाचं लय कौतुक होतं." संध्याकाळी मी आमच्या टीव्हीचं नाव बदललं आणि पासवर्ड घालायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "लाव कुलूप. पन वावरात जातानी आपन किल्ली कोनापाशी ठेवतो?" मी उठले आणि खालाच्या मोबाइलमध्ये पासवर्ड टाकून आले. काल इथे पुण्यातही नवा पासवर्ड घातला. शेजारी कोण राहतं, ते मला फक्त दारावरच्या पाटीवरून माहीत आहे.