शेवटच्या सिनेमातला आवाज

ब्रिस्टलला आलो तेव्हा नवऱ्याला नोकरी होती, मला काहीच नव्हतं. पुण्यात बारा वर्षं गाणं शिकून आले होते, आणि इथे आमच्या भाड्याच्या घराची भिंत शेजारच्या घराशी सामाईक. पहिल्याच आठवड्यात सकाळी खर्ज लावला, तर शेजारच्या आजोबांनी दारातून चिठ्ठी आत सरकवली: घरात कुणी आजारी आहे का, काही मदत हवी का? माणूस इतका सज्जन की भांडताही येईना. मी तोंड मिटून बसले. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, कपाटं लावायचे, पुन्हा उपसायचे. गायले नाही की मी किती चिडकी होते, हे नवऱ्याला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून लायब्ररीतल्या फळ्यावर ते कार्ड दिसलं तेव्हा तिथूनच फोन केला. एका वृद्ध बाईंना बाजार आणून द्यायला, वरची चार कामं करायला कुणीतरी हवं होतं. बाई मूळच्या मध्य युरोपातल्या, तरुणपणी तिथल्या ऑपेरात गाणाऱ्या. घर टेकडीवर, सुटं, आणि मागच्या खोलीत पियानो. मी म्हटलं, मोबदल्यात रोज एक तास ती खोली द्या. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी गाऊन दाखव." मी यमन गायले. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून दहा ते अकरा ती खोली माझी झाली. त्या एका तासाच्या जिवावर मी उरलेले तेवीस तास कसेबसे ढकलायचे.

बाईंचं सिनेमातलं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ऑपेरात नाव झाल्यावर सिनेमावाल्यांनी बोलावलं, आणि त्यांनी सात-आठ सिनेमे केले. कधी सरदारघराण्यातली विधवा, कधी कॅफेत गाणारी, पुढे पुढे नायिकेची आई. पण प्रत्येकीला एक तरी गाणं असायचंच. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून जबडा उघडायची सवय, आणि कॅमेऱ्यासमोर तसं गायलं की पडजीभ दिसायची. मग गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि सेटवर त्याच्यावर नुसते ओठ हलवायचे, तेही बेताने. "गायला शिकायला मला दहा वर्षं लागली, न गायला पंधरा दिवस," बाई म्हणायच्या आणि खोकला येईपर्यंत हसायच्या.

लायब्ररीत एक रिटायर झालेले मास्तर फिल्म क्लब चालवत. बाईंचे सिनेमे तेव्हा नुकतेच डीव्हीडीवर आले होते. एका रविवारी दुपारी त्यांचा शेवटचा सिनेमा दाखवायचा आणि नंतर त्यांच्याशी गप्पा, असं मास्तरांनी ठरवलं. त्याआधी जुन्या सिनेमांतले तुकडे निवडायला ते बाईंच्या घरी आले. मी चहा केला आणि तिथेच टेकले. तीन सिनेमांतली गाणी झाली. मग शेवटचा लागला, पडद्यावरच्या बाई खिडकीशी उभ्या राहून गायला लागल्या, आणि माझे कान टवकारले.

आधीच्या सगळ्या गाण्यांत बाई वरचा सूर एकदम घेत नसत. किंचित खालून उचलून त्याच्यावर जायच्या, ती त्यांची लकबच होती. इथे सूर सरळ वर जाऊन बसत होता. सुंदर होता, पण कोवळा, दुसऱ्याच गळ्यातला.

आता आपल्याकडे पडद्यावर एक आणि गळा दुसरीचा, यात लपवण्यासारखं काय असतं? आवाज चेहऱ्याला शोभला तर आपण दोघींचंही कौतुक करतो. मी त्याच कौतुकाने बोलून गेले, "यात तुम्हाला प्लेबॅक कुणी दिलाय? काय मॅच झालाय आवाज!"

मास्तर मोठ्याने हसले. गाणं बाईंचं स्वतःचंच आहे, म्हणाले. हा सिनेमा गाजला तो त्या गाण्यावरच. बाई हातातल्या कपाकडे बघत म्हणाल्या, "हिच्या देशात सगळ्याच सिनेमांत असं करतात. तिला वाटणारच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझं चुकलं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि बाईंनाही.

दुसऱ्या दिवशी दहाला गेले, तर दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "बरं नाही मला. पिशवी तिथेच ठेव." मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. पिशवी पायरीवर ठेवून मी टेकडी उतरायचे आणि घरी येऊन पुन्हा कपाटं उपसायचे. बाईंचं गुपित आपण मास्तरांसमोर उघडं केलं याची लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त भीती खोली गेल्याची होती, हेही तितकंच खरं.

"तू ना, अननेसेसरिली ऑनेस्ट आहेस," नवरा म्हणाला. "संडेला जा, गपचूप बस, टाळ्या वाजव आणि ये. होईल सगळं नॉर्मल."

"आणि मला जे ऐकू आलं त्याचं काय?"

"अगं, पण तुला विचारलंय कुणी?"

रविवारी विचारलं. चाळीसेक माणसं होती, हीटिंग नको इतकं, शेवटच्या गाण्याला एकदोघांनी डोळे पुसले. दिवे लागल्यावर मास्तर बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "आमची ही मैत्रीण स्वतः भारतातली गायिका आहे. तिला वाटलं होतं, हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. आज नीट ऐकल्यावर काय वाटतं?"

सगळ्या माना वळल्या. बाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. बिचाऱ्या किती घाबरल्यात, असं मला वाटलं. माझं उत्तर तयारच होतं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "आवाज त्यांचाच आहे."

लोक प्रेमाने हसले, कुणीतरी टाळी वाजवली. ज्या कानासाठी बारा वर्षं गुरुजींची बोलणी खाल्ली, तो मी एका वाक्यात खोटा पाडला. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

बाहेर टॅक्सीची वाट बघताना मी त्यांना कोट घालायला मदत करत होते. एक हात बाहीत गेल्यावर त्या बोलल्या.

"त्या सिनेमाच्या आधी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाणं कोरसमधल्या एका मुलीने म्हटलं. सिनेमा लागला आणि मी वाट बघत बसले, आता कुणीतरी म्हणेल, ही ती नव्हे. दहा वर्षं मला समोर बसून ऐकणाऱ्या माणसांनी पत्रं पाठवली. तुमचा आवाज इतका छान कधीच लागला नव्हता, असं लिहिलं होतं त्यांनी."

मी दुसरी बाही धरून उभी राहिले.

"तू विचारलंस तेव्हा मी घाबरले. सवयीने खोटं बोलले. मग आठवडाभर बसून धीर गोळा केला. मास्तरांना मीच फोन केला होता, हिला सगळ्यांसमोर विचारा म्हणून. इतक्या वर्षांत माझा आवाज ओळखणारी तू एकटी होतीस."

टॅक्सी आली. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. पण मला त्या क्षणीही खोलीचीच काळजी होती, आणि ती माझ्या आवाजात बाईंना ऐकू येईल, म्हणून मी काहीच बोलले नाही.